घरी बांधायचा फुल-फ्रेम रेंजफाइंडर : प्रयत्न कुठवर आले?

डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाजारात जवळपास कोणत्याही प्रकारचा कॅमेरा घ्यायचा म्हटला तर चार-पाच कंपन्यांचे पर्याय समोर येतात. रेंजफाइंडरचे तसे नाही. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे २४ × ३६ मिमीचा सेन्सर, लेन्सशी यंत्राने जोडलेला रेंजफाइंडर आणि डोळा लावायला काचेची उघडी खिडकी, हे तिन्ही एकत्र हवे असेल तर २००९ पासून लायकाच्या एम मालिकेचेच दार ठोठावावे लागे. त्या वर्षीचा एम-९ अमेरिकेत ६,९९५ डॉलरला आला, २०२२ चा एम-११ आला ८,९९५ डॉलरला, आणि दोन्ही किमती लेन्स सोडून. क्रास्नोगोर्स्कच्या रशियन कारखान्याने २०१८ मध्ये काढलेला झेनिट एमही आतून लायकाच होता. फ्रान्समधल्या पिक्सी या छोट्या कंपनीने २०२४ मध्ये पिक्सी मॅक्स बाजारात आणला, तेव्हा कुठे स्वतंत्र बांधणीचा दुसरा पर्याय उभा राहिला.

असा कॅमेरा घरच्या टेबलावर बांधता येईल का, या प्रश्नामागे किंमत आहे आणि कुतूहलही आहे. जुन्या रेंजफाइंडर लेन्स अनेकांच्या कपाटात पडून आहेत. थ्रीडी प्रिंटर, छोटी मिलिंग मशीन आणि सर्किट बोर्ड करून देणाऱ्या कंपन्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आहेत. तरीही या वाटेने निघालेले बहुतेक प्रकल्प कुठे ना कुठे अडले. ते नेमके कुठे अडले, हे पाहण्यासाठी हा आढावा.

आधीचा रस्ता

ऑस्कर बार्नाकचा लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हता. अंतर डोळ्यांनी अदमासायचे किंवा वेगळ्या उपकरणाने मोजून लेन्सवर लावायचे. १९३२ मध्ये लायका-२ आणि झाइसचा कॉन्टॅक्स या दोघांनीही लेन्स आणि रेंजफाइंडर एकमेकांना जोडले. १९५४ च्या एम-३ ने पेचाच्या जागी बायोनेट माउंट आणला, आणि माउंटच्या कडेपासून फिल्मपर्यंतचे २७.८० मिमी हे अंतर कायमचे ठरून गेले. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आरशाचे एसएलआर कॅमेरे पुढे गेले आणि रेंजफाइंडर मूठभरांचा राहिला.

डिजिटल युगातला पहिला रेंजफाइंडर एप्सनचा होता. २००४ चा आर-डी१ कसा बनला, हे आपल्या विषयासाठी फार बोलके आहे. एप्सनने कॅमेऱ्याचा सांगाडा स्वतः घडवला नाही. जपानच्या कोसिना कंपनीचा बेसा हा फिल्म कॅमेरा घेतला आणि त्यात सहा मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर व आपले इलेक्ट्रॉनिक्स बसवले. शटर ताणायची तरफसुद्धा जागेवर राहिली. फिल्म पुढे सरकवण्याचे तिचे काम तेवढे गेले. म्हणजे या प्रकारातला पहिलाच कॅमेरा तयार सांगाड्यात केलेले रोपण होता. घरगुती कारागीर आज हेच करू पाहतात, सेन्सर मात्र त्यांना दुपटीहून अधिक क्षेत्रफळाचा हवा असतो.

लायकालाही पूर्ण चौकट एका उडीत जमली नाही. २००६ च्या एम-८ मध्ये १८ × २७ मिमीचा सेन्सर होता. २००९ च्या एम-९ मध्ये कोडॅकचा १८ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा सीसीडी आला. सीमॉस सेन्सरचा पुढचा एम (टाइप २४०) ४२ मिमी जाड झाला. फिल्मच्या एम-३ ची जाडी ३३.५ मिमी होती. हातात घेतल्यावर फिल्मच्या एमची आठवण यावी इतका सडपातळ डिजिटल एम यायला २०१७ चा एम-१० उजाडावा लागला. त्याचीही जाडी ३८.५ मिमी. सेन्सर, त्यामागचा बोर्ड आणि पडदा यांची चळत फिल्मच्या जागेत मावत नाही, ही अडचण पैसा आणि अभियंते हाताशी असलेल्या कारखान्यालाही सुटता सुटली नाही.

दोन अंतरांचा मेळ

घरगुती बांधणीची चर्चा बहुतेक वेळा सेन्सरपासून सुरू होते. माझ्या मते ती रेंजफाइंडरच्या चाकापासून सुरू व्हायला हवी.

लायका पद्धतीच्या कॅमेऱ्याची लेन्स काढून माउंटमध्ये डोकावले तर वरच्या बाजूला एक छोटे चाक दिसते. फोकसची कडी फिरवली की लेन्सच्या मागची पितळी कड पुढे-मागे होते आणि ते चाक तिच्या मागोमाग सरकते. चाकाला जोडलेला दांडा वरचा आरसा किंवा प्रिझम किंचित वळवतो. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असे समजायचे. सगळ्या लेन्स ५१.६ मिमी नाभीय अंतराच्या प्रमाण लेन्सची हालचाल चाकाला सांगतात. ३५ ची असो वा ९० ची, कड त्या हिशेबानेच कापलेली असते.

आता ही हालचाल किती असते ते पाहू. अनंतापासून एक मीटरपर्यंत फोकस आणताना प्रमाण लेन्स सुमारे २.८ मिमी पुढे येते. अनंतापासून दहा मीटरपर्यंत मात्र जेमतेम ०.२७ मिमी. एम मालिकेत दोन खिडक्यांमधला पाया साधारण ६९ मिमीचा आहे. तिथे दहा मीटरवरच्या वस्तूसाठी किरण ०.४ अंशाने वळवावा लागतो आणि साधा आरसा असेल तर तो त्याच्या निम्मा, ०.२ अंश, फिरतो. दांड्याच्या खुंटीत थोडी ढिलाई असली की हे सारे गणित वाहून जाते.

दुसरे अंतर सेन्सरचे. एफ/१.४ ला फिल्मच्या जुन्या निकषाने, म्हणजे ०.०३ मिमीचा धूसर ठिपका चालवून घेतला तर, सेन्सर आपल्या जागेपासून ०.०४ मिमी पुढे-मागे झालेला चालतो. सहा मायक्रॉनच्या एका पिक्सेलचा निकष लावला तर ही मुभा ०.०१ मिमीच्या आत येते. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. फिल्म मुळातच पूर्ण सपाट नसे आणि तिच्या थराला जाडी असे, म्हणून ती बरेच काही सांभाळून घेई. सिलिकॉनचा सपाट पृष्ठभाग असे काही सांभाळून घेत नाही. त्यात कलण्याचा प्रश्न वेगळाच. ३६ मिमी रुंदीत एक कड दुसरीपेक्षा ०.०५ मिमी मागे राहिली तर मोठ्या छिद्रावर चित्राची एक बाजू मऊ पडते, आणि दोष लेन्सचा आहे असे वाटत राहते.

ही दोन अंतरे, म्हणजे चाक सांगते ते आणि सेन्सर जिथे बसला आहे ते, एकमेकांची तपासणी करत नाहीत. आरसारहित कॅमेऱ्यात सेन्सर स्वतःच परीक्षक असतो. तो हजारांशाने हलला तरी पडद्यावर दिसते तेच चित्र येते. रेंजफाइंडरमध्ये खिडकीतून दिसणारा प्रकाश लेन्समधून आलेलाच नसतो. खिडकीत प्रतिमा तंतोतंत जुळलेली आणि चित्रात डोळ्यांऐवजी कान स्पष्ट, हे म्हणूनच घडते. घरगुती प्रकल्पाची खरी परीक्षा इथे आहे, मेगापिक्सेलमध्ये नाही.

तीन वाटा

आजवरचे प्रयत्न ढोबळमानाने तीन वाटांनी गेले आहेत.

पहिली वाट फिल्मच्या जागी सेन्सर ठेवण्याची. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९९८ च्या सुमारास जाहीर झालेली सिलिकॉन फिल्म फिल्मच्या नळकांड्यासारखी कॅमेऱ्यात बसणार होती, सेन्सर १.३ मेगापिक्सेलचा होता, आणि २००१ मध्ये कंपनीच बंद पडली. अलीकडे आय'म बॅक फिल्म या उत्पादनाने मायक्रो फोर थर्ड्स आकारापर्यंत मजल मारली. हौशी लोकांनी रास्पबेरी पाय वापरून फिल्मच्या डबीत मावणारे प्रयोगही केले. रास्पबेरीच्या एचक्यू कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कर्ण ७.९ मिमी आणि पूर्ण चौकटीचा ४३.३ मिमी. म्हणजे ५० ची लेन्स तिथे सुमारे २७० मिमीची होऊन बसते. शिकायला हे छान आहे, पण प्रश्न सुटत नाही. पूर्ण आकाराचा सेन्सर सिरॅमिकच्या बैठकीत येतो आणि ती बैठक २४ × ३६ च्या खिडकीपेक्षा मोठी असते. शटरचा पडदा फिल्मच्या अगदी पुढ्यात असल्याने सेन्सर पुढे सरकवता येत नाही. आतले रूळ कापल्याशिवाय इथे पूर्ण चौकट येत नाही, आणि रूळ कापले की तो कॅमेरा फिल्मसाठी कायमचा गेला.

दुसरी वाट दात्याची. सोनीचा ए-७ २०१३ मध्ये आला तेव्हापासून ही वाट खुली झाली. जुना किंवा पडद्याला तडा गेलेला आरसारहित कॅमेरा स्वस्तात घ्यायचा आणि त्याचा सेन्सर, शटर व मुख्य बोर्ड रेंजफाइंडरच्या सांगाड्यात बसवायचे. रंगांची प्रक्रिया, कार्डवर लिहिणे, बॅटरीचा कारभार हे सारे कंपनीने आधीच करून ठेवलेले असते. सोनीच्या माउंटचे अंतर १८ मिमी असल्याने २७.८० मिमीला पोहोचायला ९.८ मिमीची जागाही मिळते. या वाटेचे समर्थक म्हणतात की फोटो काढणे हा हेतू असेल तर शहाण्याने इथूनच जावे, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे. अडचणी मांडणीच्या आहेत. सेन्सरपासून बोर्डपर्यंतच्या पट्ट्या नेमक्या लांबीच्या असतात. त्यातून अतिवेगवान संकेत जातात, म्हणून वाटेल तशा वाढवता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर ज्या जागी असतो, नेमकी तिथूनच काचेच्या खिडकीची वाट जायची असते. आणि एखादा भाग काढून टाकला की फर्मवेअर तो शोधत राहते, कधी कधी कॅमेरा सुरूच होत नाही.

तिसरी वाट मुळापासून बांधण्याची. इथे थोडे थांबायला हवे, कारण या चर्चेतला सगळ्यात मोलाचा अनुभव इथलाच आहे.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवायचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. लेथ, कानस आणि चिकाटी यांवर त्यांना दातेरी चाके, शटर, पेटी हे सारे करता आले. फिल्म बाहेरून विकत आणायची होती. ती कशी वापरायची यासाठी कुणाच्या करारावर सही करावी लागत नव्हती. सेन्सरच्या बाबतीत नेमके हेच बदलले आहे. सोनीच्या आधुनिक पूर्ण आकाराच्या चिपांची सविस्तर तांत्रिक माहिती गोपनीयतेच्या करारामागे असते, आणि दोन-चार नग मागणाऱ्या माणसाशी असा करार सहसा कुणी करत नाही.

म्हणून हौशी अभियंते जुन्या सीसीडींकडे वळले. कोडॅकचा केएआय-११००० हा त्यांतला लाडका. ४००८ × २६७२ पिक्सेल, प्रत्येक ९ मायक्रॉनचा. गुणाकार केला की जवळजवळ ३६ × २४ मिमी. माहितीपत्रक खुले आहे. बांधणी इंटरलाइन प्रकारची, म्हणजे प्रकाश गोळा झाला की सगळ्या चौकटीचा विद्युतभार एकदम शेजारच्या झाकलेल्या रांगांत सरकतो. यांत्रिक शटर नसला तरी चालते, आणि घरी बांधणाऱ्याचे निम्मे ओझे इथे उतरते. सिटिना नावाच्या खुल्या आराखड्याच्या कॅमेऱ्यात हीच चिप आहे. ती चालवायला निरनिराळ्या व्होल्टेजचे पुरवठे, काटेकोर घड्याळी संकेत आणि ते सांभाळणारी एफपीजीए चिप लागते, आणि हे सारे एकट्या माणसाच्या आवाक्यातले आहे हे त्या कॅमेऱ्याने दाखवून दिले. मात्र सिटिना रेंजफाइंडर नाही; त्याचे चित्र पडद्यावर पाहूनच फोकस करायचे. म्हणजे पूर्ण चौकट घरी जमली, रेंजफाइंडरचा जोड अजून त्याला मिळायचा आहे.

खगोलछायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांमुळे सोनीच्या २४ आणि ६१ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या चिपा यूएसबीवर चालणाऱ्या तयार रूपात मिळू लागल्या आहेत, सोबत प्रोग्रामिंगची साधनेही. पण त्यांतले बरेचसे थंड करण्याच्या यंत्रणेसह येणारे जाडजूड डबे आहेत. शिवाय अशा अनेक चिपांना पूर्ण चौकट वाचायला सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग लागतो. ताऱ्यांना त्याचे काही नाही. रस्त्यावरून धावत्या बसचा फोटो मात्र शटरशिवाय तिरका येतो.

सेन्सरवरची काच

रेंजफाइंडरच्या लेन्स, विशेषतः ३५ मिमीहून रुंद असलेल्या, सेन्सरच्या फार जवळ येऊन बसतात. त्यामुळे कोपऱ्यांत प्रकाश तिरका पडतो. फिल्मला त्याने फारसे बिघडत नसे. सेन्सरवर दोन गोष्टी होतात. पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगे तिरका प्रकाश नीट आत घेत नाहीत, म्हणून कडा काळवंडतात किंवा जांभळट होतात. दुसरे, सेन्सरवरची गाळणीची काच तिरक्या किरणांना वेगळे वळवते आणि कोपरे विरघळतात.

लायकाने सूक्ष्म भिंगे कडेकडे जाताना सरकवून बसवली आणि काच पातळ ठेवली. एम-८ मध्ये ती ०.५ मिमी होती. तिने अवरक्त प्रकाश पुरेसा अडवला नाही आणि काळे कृत्रिम कापड जांभळे दिसू लागले. कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायच्या गाळण्या द्याव्या लागल्या. एम-९ मध्ये काच ०.८ मिमी झाली, पण तिचा प्रकार दमटपणात टिकणारा नव्हता. काही वर्षांनी तिच्यावर ठिपके येऊ लागले आणि असंख्य सेन्सर बदलावे लागले. मुंबई-कोकणच्या हवेत कॅमेरा वापरणाऱ्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

सोनीच्या कॅमेऱ्यांत ही चळत साधारण २ मिमीच्या घरात आहे. ती काढून पातळ काच बसवून देणारे व्यावसायिक आहेत आणि परिणाम डोळ्यांना दिसण्याजोगा असतो. पण काच बदलली की फोकसची जागाही बदलते: काचेच्या जाडीतल्या फरकाच्या साधारण एक तृतीयांश. २ मिमीची काच ०.८ ची केली तर प्रतिमा सुमारे ०.४ मिमी पुढे, लेन्सकडे, सरकते. मघाशी पाहिलेल्या ०.०४ च्या मुभेशी हे ताडून पाहावे. म्हणजे काच आधी ठरवायची आणि मग पितळी पत्र्याच्या चकत्या घालून सेन्सर बसवायचा. हा क्रम उलटा केला तर सगळे पुन्हा उकलावे लागते.

खिडकी हवी की पडदा पुरे?

इथे मतभेद खरे आहेत आणि दोन्ही बाजूंना अनुभव आहे.

एक गट म्हणतो की वर वर्णिलेली सारी काटेकोरता जुन्या युगाची अट आहे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दहापट मोठे करून फोकस केला तर चाक, दांडा, आरसा यांची गरजच नाही. ९० मिमीच्या एफ/२ लेन्सला हा मार्ग निर्विवाद अधिक अचूक आहे. लायकानेही २०२५ मध्ये रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला एम ईव्ही-१ आणला.

दुसरा गट विचारतो, मग उरले काय? काचेच्या खिडकीतून चौकटीबाहेरचेही दिसते. आत येऊ पाहणारा माणूस आधीच कळतो, फोटो निघतो त्या क्षणी अंधार होत नाही, आणि सगळे दृश्य एकाच वेळी स्पष्ट असते. त्यांच्या लेखी रेंजफाइंडर ही पाहण्याची रीत आहे. अंतर मोजणे हा तिचा एक भाग.

तिसरी, मधली सूचना लेसरची आहे: अंतर मोजणारी छोटी चिप, लेन्सच्या कडीवर जागा सांगणारा संवेदक आणि साध्या खिडकीत दोन दिवे. घरी बांधायला हे सर्वांत सोपे. पण स्वस्त चिपा चार मीटरपर्यंतच चालतात आणि उन्हात त्यांचा पल्ला आणखी घटतो.

मला स्वतःला दुसऱ्या गटाचे पटते, आणि त्यासाठी तयार सांगाडा घेणे हाच व्यवहार्य मार्ग वाटतो. अर्धपारदर्शक आरसा, चौकटीच्या उजळ रेषा, जवळच्या अंतराला त्या रेषा सरकवणारी यंत्रणा हे घरी करणे सर्किटपेक्षा कितीतरी कठीण आहे. सांगाडा निवडताना पाया आणि खिडकीचे वर्धन यांचा गुणाकार पाहावा. ०.७२ वर्धनाच्या एमचा तो सुमारे ५० मिमी, आर-डी१ चा ३८. सोव्हिएत फेड-२ चा पाया ६७ मिमी लांब आहे, कॅमेरा स्वस्त आहे आणि पेचाच्या माउंटचे अंतर २८.८ मिमी असल्याने सेन्सरला एक मिलिमीटर जास्त मिळतो. पण फेड आणि झोर्कीत चाकाऐवजी चपटी जीभ असते. काही जपानी आणि जर्मन लेन्सच्या कडेवर ती नीट टेकत नाही, म्हणून प्रत्येक लेन्स तपासून घ्यावी लागते.

जे अजून सुटलेले नाही

प्लास्टिकच्या छापील सांगाड्यावर शतांश मिलिमीटर टिकत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे. छपाईचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते; आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढे तापमान सहज होते. माउंट आणि सेन्सर एकाच धातूच्या तुकड्यावर बसवावेत, प्लास्टिक बाहेरच्या आवरणापुरते ठेवावे, इथपर्यंत एकमत आहे. तो तुकडा घरच्या साधनांनी चारही कोपऱ्यांत समांतर कसा ठेवायचा, याची सर्वमान्य पद्धत नाही. सेन्सरला मायक्रोमीटर टेकवता येत नाही, आणि तिरक्या पट्टीचे फोटो काढून जुळवण्यात लेन्सची स्वतःची चूक मिसळते.

चिपांचा पुरवठा हा दुसरा प्रश्न. कोडॅकने सेन्सरचा विभाग २०११ मध्ये विकला. २०१४ मध्ये तो ऑन सेमीकंडक्टरकडे गेला आणि त्या कंपनीने पुढे सीसीडीचे उत्पादन बंद केले. आज मिळणारे केएआय-११००० बहुधा जुन्या वैज्ञानिक आणि औद्योगिक कॅमेऱ्यांतून काढलेले असतात. पाच वर्षांनी तोच बोर्ड पुन्हा बांधायचा म्हटला तर चिप मिळेल याची खात्री नाही, आणि दुसरी चिप घेतली की इलेक्ट्रॉनिक्स नव्याने आखावे लागेल. माउंट, चाकाचा दांडा, धातूची बैठक आणि चकत्यांचा हिशेब मात्र कोणत्याही चिपेला चालेल. खुल्या प्रकल्पांनी सर्किटचे आराखडे मोकळेपणाने दिले आहेत. यांत्रिक भागाची मोजमापे, सहनमर्यादा आणि जुळवणीचा क्रम तितक्याच तपशिलाने प्रसिद्ध झाले, तर पुढच्या बांधणाऱ्याला पहिल्या चकतीपासून सुरुवात करावी लागणार नाही.